वाचकांचे प्रश्न : तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या एकत्र शिकताना

तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या हे दोन विषय एकाच पदवीसाठी शिकण्याविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. 'थिऑलॉजी' या विषयासाठी मी सर्वत्र 'ईश्वरविद्या' हा शब्द योजला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : बारावीनंतर तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या यांची संयुक्त पदवी घेण्याचा माझा विचार आहे. माझे एक शिक्षक म्हणतात की या दोन विषयांचे मुळातच वैर आहे, कारण एकाचा आरंभ श्रद्धेतून होतो आणि दुसऱ्याचा शंकेतून. मग ते एकत्र शिकवतात तरी कसे? की ही विद्यापीठांनी केलेली निव्वळ वेळापत्रकाची सोय आहे?

उत्तर : वैर आहे हे खरे, पण ते भावकीतले वैर आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ईश्वरविद्या हा वरिष्ठ विभाग होता आणि तेथे पोहोचण्याची नेहमीची वाट कला विभागातून जात असे, जेथे प्रामुख्याने तर्कशास्त्र शिकवले जाई. १२१५ सालच्या नियमांप्रमाणे वयाच्या ३५व्या वर्षापूर्वी आणि किमान ८ वर्षांच्या अभ्यासाखेरीज कोणालाही ईश्वरविद्येचे अध्यापन करण्याची मुभा नव्हती. याच नगरात १२१० साली ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर बंदी आली. १२५५ साली तेच ग्रंथ कला विभागाच्या अभ्यासक्रमात रीतसर नेमले गेले. आणि १२७७ साली तेथील बिशपांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली, ज्यांतील बरीचशी ॲरिस्टॉटल आणि त्याचे अरबी भाष्यकार यांच्या वाचनातून निघालेली होती. एकाच शतकात बंदी, नेमणूक आणि पुन्हा निषेध, हा क्रम पाहिला म्हणजे ध्यानात येते की ज्यांना एकमेकांचे काहीच घेणे नाही अशा विषयांत असे घडत नाही. पुढे १७९८ साली जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने विद्यापीठातील विभागांच्या झगड्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि 'कनिष्ठ' समजल्या जाणाऱ्या तत्त्वज्ञान विभागाला ईश्वरविद्येसह सर्व वरिष्ठ विभागांची शिकवण तपासण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे, अशी मागणी केली. आजच्या संयुक्त पदव्यांमागे हा सगळा इतिहास उभा आहे. त्यामुळे त्यांना वेळापत्रकाची सोय म्हणता येणार नाही.

आता तुमच्या शिक्षकांच्या मुद्द्याकडे येतो. श्रद्धा आणि शंका ही माणसाच्या मनाची वर्णने झाली. विषयांची विभागणी त्यावरून होत नाही. माझ्या मते खरा भेद हा आहे की युक्तिवाद सुरू करताना काय गृहीत धरण्याची परवानगी आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात कोणत्याही ग्रंथाचे किंवा परंपरेचे वचन केवळ ते वचन आहे म्हणून आधारविधान होऊ शकत नाही. ईश्वरविद्येच्या वर्गात ते होऊ शकते. किंबहुना एखाद्या समुदायाने प्रमाण मानलेली वचने, त्यांचे अर्थ आणि त्यांतून उभे राहिलेले सिद्धांत हाच तेथील अभ्यासाचा विषय असतो, मग शिकणाऱ्याला ती वचने व्यक्तिशः मान्य असोत वा नसोत.

हे एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. इसवी सन १०७७-७८च्या सुमारास फ्रान्समधील बेक येथील मठात अँसेल्म या ख्रिस्ती भिक्षूने 'प्रोस्लोगियन' नावाचे छोटेसे पुस्तक लिहिले. त्याच्या दुसऱ्या प्रकरणातील युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. ज्याच्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही असे जे, ते केवळ मनातच असेल, तर ते प्रत्यक्षातही आहे अशी कल्पना करता येईल आणि ही कल्पना अधिक मोठी ठरेल. म्हणजे ज्याच्याहून मोठे कल्पिता येत नाही त्याच्याहून मोठे कल्पिता आले, आणि ही विसंगती झाली. म्हणून ते प्रत्यक्षातही असलेच पाहिजे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे एवढे पान वेगळे काढून त्याची क्रमांक घातलेली विधाने केली जातात. मग गाउनिलो या भिक्षूचा आक्षेप येतो, की याच रीतीने सर्वांत परिपूर्ण असे एखादे हरवलेले बेटही सिद्ध करता येईल. त्यानंतर 'अस्तित्व' हे वस्तूच्या वर्णनात भर घालणारे विधेयच नव्हे, हा कांटचा १७८१ सालचा आक्षेप येतो.

ईश्वरविद्येच्या वर्गात तेच पुस्तक पहिल्या प्रकरणापासून उघडले जाते, आणि पहिले प्रकरण ही प्रार्थना आहे. दुसरे प्रकरणसुद्धा ईश्वराला 'तू' म्हणून हाक मारतच सुरू होते. 'ईश्वर नाही' असे मनात म्हणणारा जो मूर्ख तेथे येतो, तो बायबलमधील स्तोत्रसंहितेतून आलेला आहे. ईश्वरविद्येचा अभ्यासक कार्ल बार्टने १९३१ साली असे प्रतिपादन केले की अँसेल्मला नास्तिकाला पटवायचे नव्हतेच. श्रद्धेने जे आधीच स्वीकारले आहे त्याची आंतरिक संगती त्याला पाहायची होती. हे मान्य केले तर बेटाचा आक्षेप बराचसा लक्ष्य चुकतो. परंतु लगेच तत्त्वज्ञानाच्या बाजूने विचारता येते की मग अँसेल्मने गाउनिलोला युक्तिवादानेच उत्तर का दिले, आणि तो आक्षेप व आपले उत्तर दोन्ही पुस्तकाला जोडून नकलावे अशी इच्छा का व्यक्त केली? ज्याने फक्त दुसरे प्रकरण वाचले त्याला बार्टचा प्रश्न सुचत नाही, आणि ज्याने पुस्तक केवळ प्रार्थना म्हणून वाचले त्याला हा प्रतिप्रश्न सुचत नाही. संयुक्त पदवीच्या विद्यार्थ्याला एकाच आठवड्यात दोन्ही वर्गांत बसून दोन्ही प्रश्नांना तोंड द्यावे लागते. हे कष्टाचे आहे, आणि माझ्या दृष्टीने ही पदवी घेण्याचे सर्वांत मोठे कारणही तेच आहे.

प्रश्न : दोन पत्रांचे उत्तर एकत्र देत आहे. एक वाचक लिहितात, 'मी ईश्वर मानत नाही. मला ईश्वरविद्या शिकण्याचा अधिकार आहे का?' आणि एक वडील लिहितात, 'माझ्या मुलीने या दोन विषयांची पदवी घेण्याचे ठरवले आहे. तिची श्रद्धा ढळेल अशी मला काळजी वाटते. मी तिला अडवावे का?'

उत्तर : पहिल्या प्रश्नातील व्यावहारिक भाग देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये १८७१ सालच्या कायद्याने ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम येथील धार्मिक कसोट्या रद्द झाल्या, पण तेव्हाही ईश्वरविद्येच्या पदव्यांना अपवाद ठेवला होता. आज तेथे या विषयाला प्रवेश घेणाऱ्याला त्याचा पंथ विचारला जात नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांतील ईश्वरविद्येचे विभाग पंथनिहाय असतात. ट्युबिंगेन येथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक असे दोन स्वतंत्र विभाग आहेत आणि इस्लामी ईश्वरविद्येचे केंद्रही आहे. चर्चमधील पदासाठीची परीक्षा द्यायची असेल, तर तेथे त्या पंथाचे सदस्यत्व आडवे येऊ शकते. फ्रान्समध्ये सरकारी विद्यापीठांतून ईश्वरविद्या काढून टाकली गेली, अपवाद स्ट्रासबुर्गचा, कारण हा निर्णय झाला तेव्हा ते नगर जर्मनीच्या ताब्यात होते. अमेरिकेत सरकारी विद्यापीठे बहुधा धर्मांचा तुलनात्मक व ऐतिहासिक अभ्यास शिकवतात, आणि ईश्वरविद्या प्रामुख्याने खासगी विद्यापीठांच्या स्वतंत्र विद्यालयांत आढळते. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी तो विभाग कोणत्या प्रकारचा आहे हे नीट पाहावे.

अधिकाराचे म्हणाल तर तो अभ्यासाने मिळतो. हाना आरेंट या ज्यू विद्यार्थिनीने तत्त्वज्ञानाबरोबर ईश्वरविद्या आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि कार्ल यास्पर्स यांच्या मार्गदर्शनाखाली हायडेलबर्ग येथे प्रबंध लिहिला, तो प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनच्या प्रेमविचारावर. तिने ऑगस्टीनचे सिद्धांत स्वीकारले होते म्हणून तो प्रबंध उभा राहिला नाही. ऑगस्टीन स्वतःच्याच दोन म्हणण्यांमध्ये कोठे अडकतो, हे तिने त्याच्या शब्दांवर बोट ठेवून दाखवले. आपल्याकडून अपेक्षा असेल ती एवढीच, की एखादा सिद्धांत खोडून काढण्यापूर्वी तो मानणाऱ्याला 'होय, मला हेच म्हणायचे आहे' असे वाटेल अशा शब्दांत तो मांडता यावा.

आता वडिलांच्या पत्राविषयी. मुलीच्या श्रद्धेत काहीच बदल होणार नाही, असे आश्वासन मी देऊ शकत नाही, आणि कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण धक्का कोठून येतो याविषयी लोकांचा समज बहुधा चुकीचा असतो. ईश्वराच्या अस्तित्वाविरुद्धचे युक्तिवाद ऐकून डळमळणारे विद्यार्थी थोडे असतात, कारण ते युक्तिवाद त्यांनी आधी कोठेतरी ऐकलेले असतात. अस्वस्थता येते ती ग्रंथाच्या इतिहासाच्या तासाला. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या प्रकरणात आधी पशू आणि मग स्त्री व पुरुष एकत्र निर्माण होतात, तर दुसऱ्या प्रकरणात आधी पुरुष, मग पशू आणि शेवटी स्त्री. लहानपणापासून ही दोन्ही प्रकरणे ऐकलेल्या विद्यार्थ्याला हा फरक कधी दिसलेलाच नसतो. तो एकदा दिसला की 'हे मला कोणी सांगितले का नाही' असा राग येतो, आणि तो राग प्राध्यापकांपेक्षा घरच्यांवर अधिक असतो.

म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो, तिला अडवू नका. दर सुट्टीत ती घरी आली की तिच्या श्रद्धेची परीक्षाही घेऊ नका. ती काय वाचते आहे ते विचारा आणि जमल्यास त्यातील एखादे पुस्तक स्वतः वाचा. श्रद्धेला टेकू मिळावा म्हणून किंवा ती मोडावी म्हणून ज्यांनी हा विषय घेतला, ते दोन्ही प्रकारचे विद्यार्थी लवकर निराश होतात, कारण अभ्यासक्रम त्यांच्या हेतूकडे लक्षच देत नाही.

प्रश्न : मी संयुक्त पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी अडचण अशी की ईश्वरविद्येच्या निबंधावर 'हे तत्त्वज्ञान झाले' असा शेरा येतो आणि तत्त्वज्ञानाच्या निबंधावर 'हे ईश्वरविद्या झाले' असा. विषय तर दोन्हीकडे तोच असतो. परवा दोन्हीकडे अनिष्टाच्या समस्येवरच निबंध होता. मी नेमके काय करावे?

उत्तर : हा शेरा संयुक्त पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कधी ना कधी मिळतो, आणि तो मिळतो त्या वर्षीच बहुधा शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होते. तुम्ही दिलेलाच विषय घेऊ.

तत्त्वज्ञानाच्या निबंधात प्रश्न विधानांच्या सुसंगतीचा असतो. जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली तो कडक रूपात मांडला : ईश्वर सर्वशक्तिमान आहे, ईश्वर पूर्णतः चांगला आहे, आणि तरीही अनिष्ट अस्तित्वात आहे, ही तीन विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. मात्र ही विसंगती आपोआप दिसत नाही, हे मॅकी स्वतःच सांगतात. चांगला असेल तो शक्य तेवढे अनिष्ट दूर करतो आणि सर्वशक्तिमानाला कशाचीच मर्यादा नसते, अशी जोडविधाने त्यासाठी लागतात. सगळी झुंज या जोडविधानांवर होते. अल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ साली जे उत्तर दिले, त्यात ईश्वर अनिष्ट का होऊ देतो हे सांगण्याचा दावा नाही. स्वतंत्र इच्छा असलेले जीव निर्माण करायचे तर अनिष्टाशिवायचे जग निर्माण करणे ईश्वराच्या हातात नसेल, अशी नुसती शक्यता दाखवली की विसंगतीचा आरोप टिकत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. तुमचा निबंध येथे असेल तर ही शक्यता खरोखर शक्यता आहे का, आणि भूकंपासारख्या मानवी इच्छेशी संबंध नसलेल्या अनिष्टाचे काय, हे तपासायचे. येथे बायबलमधील, निरपराध असूनही आपत्ती सोसणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकातील ओवी आधार म्हणून आणली, की शेरा येणारच.

ईश्वरविद्येच्या निबंधात मात्र ईयोब टाळता येत नाही, आणि तेथे प्रश्नाचा तोंडवळाच बदलतो. ईयोबाचे मित्र त्याला समजावतात की ईश्वर न्यायी आहे, तेव्हा तुझ्यावर आपत्ती आली त्याअर्थी तुझे काहीतरी चुकले असले पाहिजे. म्हणजे ते अनिष्टाचे समर्थन देतात, आणि ईश्वराच्या बाजूने देतात. ३८व्या अध्यायापासून ईश्वर वादळातून बोलतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास असे विचारतो आणि 'हे दुःख का' याचे कारण शेवटपर्यंत सांगत नाही. आणि ४२व्या अध्यायात तो मित्रांवरच रागावतो, की माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब बोलला तसे योग्य बोलला नाहीत. ज्याने तक्रार केली त्याचे बोलणे योग्य, आणि ज्यांनी ईश्वराची वकिली केली त्यांचे अयोग्य! हा निकाल प्रमाण मानणाऱ्या परंपरेत अनिष्टाचे समर्थन रचणे हेच मुळात कितपत समर्थनीय आहे, हा ईश्वरविद्येचा प्रश्न झाला. त्याच परंपरेत ऑगस्टीन अनिष्ट म्हणजे स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे असे सांगतो, तेव्हा तो ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत बसतो की नाही, असा एक चांगला निबंध लिहिता येईल. अशा निबंधात परंपरेचे नाव न घेता 'ईश्वराची संकल्पना' एवढेच म्हणून विश्लेषण सुरू केले, तर परीक्षकांना तो तत्त्वज्ञानाचा वाटतो, आणि त्यात त्यांची चूक नसते.

तेव्हा पहिल्याच परिच्छेदात काय गृहीत धरले आहे ते स्वच्छ लिहा. एक आडवाट मात्र दोन्हीकडे सोडा. 'हे शेवटी गूढच आहे' हे वाक्य युक्तिवाद संपल्यावर शोभते, युक्तिवाद अडल्यावर नव्हे. आणि तत्त्वज्ञानाच्या निबंधात 'माणसाची जशी भावना तसे उत्तर' असे म्हणून सुटका करून घेणे हा त्याच आळसाचा दुसरा प्रकार आहे.

प्रश्न : या अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तिका पाहिल्या तर सगळीकडे ख्रिस्ती धर्म आणि युरोपीय तत्त्वज्ञच दिसतात. हा विषय तेवढ्यापुरताच आहे का?

उत्तर : पुस्तिकांविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याचे कारण या विभागांच्या इतिहासात आहे; त्यांतील बरेच विभाग चर्चच्या सेवकांना शिकवण्यासाठी निर्माण झाले. कॅथलिक चर्चच्या १९८३ सालच्या विधिसंहितेत आजही पुरोहितपदासाठी किमान ६ वर्षांचा अभ्यास सांगितला आहे, २ वर्षांच्या तोडीचा तत्त्वज्ञानाचा आणि ४ वर्षांच्या तोडीचा ईश्वरविद्येचा. पण विषय स्वतः कोणा एका धर्माचा नाही.

इस्लामी विचारवंत अल-गझाली यांनी १०९५ साली तत्त्वज्ञांच्या २० मतांवर टीका करणारा ग्रंथ पूर्ण केला. त्यांपैकी १७ मते त्यांनी भ्रामक ठरवली आणि ३ मतांवर थेट धर्मबाह्यतेचा आरोप ठेवला : जग अनादी आहे, ईश्वराला विशिष्ट घटनांचे ज्ञान विशिष्ट म्हणून नसते, आणि देहाचे पुनरुत्थान होत नाही. पुढच्या शतकात इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांनी त्या ग्रंथाला मुद्देसूद उत्तर लिहिले. गझालींची टीका धर्मवचनांच्या आधाराने केलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तत्त्वज्ञांची सिद्धता त्यांच्याच कसोटीवर टिकत नाही, असे ते तर्काने दाखवू पाहतात.

भारतीय परंपरेत तर हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडला गेला आहे की संयुक्त पदवीच्या पहिल्याच सत्रात तो शिकवला जावा, असे मला मनापासून वाटते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, उदयनाचार्य जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे, अशा अनुमानांनी ईश्वर सिद्ध करतात. ब्रह्मसूत्रांच्या आरंभी 'जन्माद्यस्य यतः' हे सूत्र येते, आणि त्याच्या भाष्यात शंकराचार्य बजावतात की हे सूत्र म्हणजे जगावरून ईश्वराचे अनुमान नव्हे. सूत्रे ही वेदान्तवाक्यांची फुले ओवण्यासाठी आहेत. अनुमानाला ते हाकलून देत नाहीत, पण त्याने श्रुतीच्या मागून यावे असे म्हणतात. आणि कुमारिल भट्टांच्या मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, वेद पूर्ण प्रमाण आहेत, मात्र जगाचा कर्ता असा ईश्वर मानलेला नाही. वेदांना कोणी कर्ताच नाही, म्हणून त्यांत कर्त्याचे दोष येत नाहीत. ग्रंथप्रामाण्य मानणे म्हणजे ईश्वर मानणे, असे ज्याने आजवर धरून ठेवले आहे, त्याला येथे थांबून पहिल्यापासून विचार करावा लागतो.

मराठी वाचकाला तर यासाठी लांब जाण्याचीही गरज नाही. 'अमृतानुभवा'च्या तिसऱ्या प्रकरणात ज्ञानेश्वर 'ज्ञान हेही बंधन आहे' हे सांगताना शिवसूत्रांचा आणि गीतेचा दाखला देतात, आणि लगेच म्हणतात की शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले एवढ्याच लोभाने आम्ही हे मानतो असे नाही. त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच आहे. प्रमाणवचन आणि स्वतंत्र विचार यांचे नाते यापेक्षा थोडक्यात आणि यापेक्षा धीटपणे मांडलेले मी फारसे वाचलेले नाही. आपल्याला प्रवेश मिळालेल्या विभागात हे ग्रंथ नेमलेले नसतील, तर निबंधाचा किंवा प्रबंधिकेचा विषय निवडण्याची संधी बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी मिळते. तेव्हा ते जरूर मागून घ्यावेत.

प्रश्न : प्राचीन भाषा शिकाव्याच लागतात का?

उत्तर : पदवीच्या पातळीवर बहुतेक ठिकाणी त्या ऐच्छिक असतात, पण संशोधनाकडे जायचे असेल तर त्यांच्यावाचून चालत नाही. ग्रीक, हिब्रू, लॅटिन, अरबी, संस्कृत यांपैकी एकच निवडावी आणि पहिल्याच वर्षी निवडावी. पाच भाषांची अक्षरे येण्यापेक्षा एका भाषेतील एक अध्याय शब्दकोशाच्या मदतीने स्वतः वाचता येणे शंभर पटींनी मोलाचे आहे.

प्रश्न : या पदवीवर पोट भरते का?

उत्तर : या पदवीवर नाव लिहिलेली अशी नोकरी नाही, धर्मसेवा आणि अध्यापन सोडले तर. पदवीधर पुढे कायदा, पत्रकारिता, प्रकाशन, प्रशासन, समाजसेवा, रुग्णालयांतील समुपदेशन अशा क्षेत्रांत जातात, आणि त्यासाठी त्यांना बहुधा आणखी एखादे प्रशिक्षण घ्यावे लागते. अवघड मजकूर बारकाईने वाचणे, आपल्याला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडणे आणि लांब युक्तिवादातील निसटलेला दुवा शोधणे ही कौशल्ये त्या सर्व ठिकाणी उपयोगी पडतात. तरीही घरची परिस्थिती अशी असेल की पदवी हातात पडताच पगार सुरू झाला पाहिजे, तर पुढच्या प्रशिक्षणाच्या खर्चाचा विचार आधी करावा आणि मगच निर्णय घ्यावा. तसा विचार केला म्हणजे विषयावरचे प्रेम कमी ठरत नाही.

प्रश्न : प्रवेशाला अजून वर्ष आहे. तोवर काय वाचावे? याद्या इतक्या मोठ्या आहेत की सुरुवात कोठून करावी ते कळत नाही.

उत्तर : याद्या बाजूला ठेवा आणि प्लेटोचा 'युथिफ्रो' हा संवाद घ्या. तो एका बैठकीत वाचून होतो. युथिफ्रो स्वतःच्या वडिलांवर खुनाचा खटला भरायला निघाला आहे, कारण त्यांनी एका मजुराला हातपाय बांधून खंदकात टाकले आणि तो तेथेच मेला. त्या मजुराने रागाच्या भरात घरच्या एका गुलामाचा जीव घेतला होता. आपले हे कृत्य देवांना प्रिय आहे, याविषयी युथिफ्रोला तिळमात्र शंका नाही. तेव्हा सॉक्रेटिस त्याला विचारतो की जे पवित्र आहे ते पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय असते म्हणून ते पवित्र ठरते?

पहिल्या वाचनात फक्त युक्तिवाद पाहा. युथिफ्रो पावित्र्याच्या कोणत्या व्याख्या देतो, प्रत्येक व्याख्या कोणत्या पायरीवर ढासळते आणि सॉक्रेटिसने एखादी पायरी गुपचूप गाळली आहे का, हे कागदावर उतरवा. दुसऱ्या वाचनात युथिफ्रोची बाजू घ्या. ग्रीक देवांविषयीच्या कोणत्या कथांवर तो विसंबतो, त्या कथांत देव आपसांत भांडतात याने त्याची अडचण कशी वाढते, आणि एकच ईश्वर मानणारा एखादा ज्यू, मुसलमान किंवा ख्रिस्ती विचारवंत त्याच्या जागी असता तर त्याला सॉक्रेटिसच्या प्रश्नावर कोणते वेगळे उत्तर देता आले असते, ते लिहा. दोन्ही टिपणे प्रत्येकी दोन पानांच्या आत ठेवा, आणि मतभेद बोलून दाखवण्यास न कचरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला ती वाचायला द्या. हे करताना वेळ कसा गेला ते कळले नाही, तर अर्ज भरा. दुसरे टिपण लिहिताना कंटाळा आला, तर नुसते तत्त्वज्ञान घ्या, आणि पहिले लिहिताना आला, तर नुसती ईश्वरविद्या.